गांव आणि वैद्य : कऱ्हाड प्रांतांतील ग्रामवैद्याच्या सोयीचा विचार

कृष्णा व कोयना यांच्या संगमावर वसलेलें कऱ्हाड हें फार प्राचीन स्थळ आहे. महाभारताच्या सभापर्वांत सहदेवाच्या दिग्विजयप्रसंगीं करहाटकाचा उल्लेख येतो. भारहुत येथील स्तूपाच्या लेखांत करहकटच्या दात्यांचा निर्देश आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा शके ८८० चा ताम्रपट येथेंच सांपडला. इतक्या जुन्या स्थळाविषयीं लिहितांना राजवंश, दानपत्रें आणि लेणीं यांकडेच अभ्यासकांची दृष्टि प्रथम वळावी, हें साहजिक आहे. परंतु याच स्थळाच्या भोंवतालच्या खेड्यांतील माणूस आजारी पडला म्हणजे त्यास औषध कोण देत असे, आणि त्या औषध देणाराचा निर्वाह कोण चालवीत असे, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. शिवाय तो केवळ गतकालाचा नाहीं. आज कऱ्हाडास इ. स. १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यास जोडलेलें मोठें रुग्णालय आहे, आणि वेणुताई चव्हाण यांच्या नांवाचें उपजिल्हा रुग्णालयही आहे. तथापि कोयनेच्या खोऱ्यांतील डोंगरकपारीच्या वाडीवरील रोग्यास रात्रीं-अपरात्रीं ओळखीचा वैद्य आजही घराजवळ लाभेल, असें कोणास छातीठोकपणें सांगतां येणार नाहीं. ही विसंगति कशी उत्पन्न झाली, याचा क्रमशः विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

(१) घरचा वैद्य म्हणजे कोण ?

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. चरकानें चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. या चारांपैकीं एकही लंगडा पडला तर चिकित्सा उभी राहत नाहीं, असा त्याचा अभिप्राय. याच ग्रंथांत विमानस्थानांत रोग्याच्या दशविध परीक्षेचें विवेचन आहे. तींत प्रकृति, विकृति, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ति, व्यायामशक्ति आणि वय इतकीं अंगें वैद्यानें पाहावींत, असें म्हटलें आहे. आतां वाचकांनीं असा विचार करावा, कीं यांतील वय किंवा प्रमाण हीं एका भेटींत समजतात. परंतु सात्म्य, म्हणजे या माणसास कोणतें अन्न, कोणती हवा, कोणता श्रम जन्मापासून मानवत आला आहे, हें एका भेटींत कसें समजावें? सत्त्व, म्हणजे दुःख सोसण्याची मनाची शक्ति, ही तरी अनोळखी वैद्यास कशी कळावी ? तीं जाणणारा वैद्य रोग्याच्या कुटुंबाशीं वर्षानुवर्षें परिचित असला पाहिजे. त्यानें बापाचा दमा पाहिलेला असतो, म्हणून मुलाच्या खोकल्याचा अर्थ त्यास लवकर लागतो. ज्यास आपण घरचा वैद्य किंवा अलीकडे घरचा डॉक्टर म्हणतों, तो हाच. त्याच्याजवळ विद्या पाहिजेच, पण विद्येइतकेंच त्याचें सान्निध्य आणि सातत्य महत्त्वाचें आहे. पुढील विवेचनांत हे दोन शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावे, अशी आमची विनंति आहे.

(२) प्राचीन व्यवस्था

वैद्य आपण होऊन खेड्यांत जाऊन राहत नाहीं, त्यास तेथें बसवावें लागतें, ही गोष्ट आपल्या पूर्वजांच्या ध्यानांत फार पूर्वीं आलेली होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील जनपदनिवेशाच्या प्रकरणांत नवीन वसाहतींत कोणास जमिनी द्याव्या याची यादी आहे. ऋत्विज, आचार्य, पुरोहित व श्रोत्रिय यांच्या ब्रह्मदेयानंतर गोप, स्थानिक, अश्वदमक इत्यादि सेवकांच्या रांगेंत चिकित्सकाचेंही नांव येतें. या सेवकांच्या जमिनींस एक अट आहे : त्या विकतां येत नाहींत, गहाणही टाकतां येत नाहींत. अटीचें मर्म उघड आहे. जमीन ही सेवेसाठीं आहे, सेवा सोडून जमीन घेऊन जातां येऊं नये. याच ग्रंथांत दुसऱ्या ठिकाणीं, प्राणघातक रोगाची वर्दी न देतां उपचार करणाऱ्या वैद्याच्या हातून रोगी दगावल्यास त्यास दंड सांगितला आहे. सुश्रुतानें तर वैद्यानें शास्त्र शिकून, कर्माभ्यास करून, राजाची अनुज्ञा घेऊनच व्यवसायांत पडावें असें सांगितलें. आणि चरकानें वैद्याचें सोंग घेणारे, दुसऱ्याच्या नांवावर जगणारे व खरे प्राणरक्षक असे वैद्यांचे तीन प्रकार वर्णिले. त्या काळींही भोंदू वैद्यांचा सुळसुळाट होता, हें यावरून स्पष्ट होतें.

अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शिलाशासनांत मनुष्यांची व पशूंची अशा द्विविध चिकित्सेची योजना आणि जेथें औषधी वनस्पति नाहींत तेथें त्या आणून लावण्याची आज्ञा वर्णिली आहे. राजाज्ञा प्रत्येक खेड्यापर्यंत पोंचली असें अर्थात् कोणीही म्हणणार नाहीं. परंतु वैद्य, औषध आणि निर्वाह या तिहींची सांगड राज्यानें घालावी, ही कल्पना तरी या देशांत दोन सहस्र वर्षांहून जुनी आहे.

(३) मराठेशाहींतील गांव

मराठेशाहींतील गांवगाड्याविषयीं बोलतांना, जुन्या खेड्यांत सर्व सोयी होत्या व पुढें त्या नष्ट झाल्या, असें पुष्कळदां म्हणण्यांत येतें. वैद्याच्या बाबतींत हें म्हणणें आम्हांस मान्य होण्यासारखें नाहीं. बलुतेदारांच्या परंपरागत याद्यांत सुतार, लोहार, चांभार, कुंभार, परीट, न्हावी, महार, मांग, जोशी, गुरव इत्यादि नांवें येतात; वैद्याचें नांव सामान्यतः येत नाहीं. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं इ. स. १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'गांवगाडा' या ग्रंथांत या व्यवस्थेचें जें बारकाईनें वर्णन केलें आहे, तें वाचलें म्हणजे बलुतें हें कोणत्या कामाचें वेतन होतें याची कल्पना येते. आमच्या मतें वैद्य बलुत्यांत न येण्याचें कारण याच वेतनाच्या स्वरूपांत आहे. नांगराचा फाळ दर हंगामांत लागतो, हजामत पंधरवड्यास लागते, मोट वर्षास शिवावी लागते. म्हणून खळ्यावर धान्य मोजतांना त्या कामाचा हिस्सा काढून ठेवणें कुणब्यास सोपें जात असे. आजार मात्र सांगून येत नाहीं, आणि एका खेड्याच्या आजारांवर शिकलेल्या वैद्याचें बारा महिन्यांचें पोट भरत नाहीं.

मग खेड्यांत औषधोपचार होत तरी कसे ? तुंबड्या लावणें, जळवा लावणें, गळूं फोडणें हीं कामें न्हाव्याकडे असत, व बाळंतपण सुईण करी. झाडपाला जाणणारे कोणी म्हातारे, हाड बसविणारे कोणी हातगुणाचे गृहस्थ, आणि यांच्यापुढें उपाय खुंटला म्हणजे देवऋषी, अशी परंपरा होती. यांत सान्निध्य व सातत्य हे दोन्ही गुण पूर्णपणें होते, विद्येचा मात्र बहुधा अभाव असे. सुईण त्याच गांवची, तिनें आईचें बाळंतपण केलेलें व आतां लेकीचें करावयाचें. तिच्यावर बायकांचा विश्वास बसे, तो या नात्यामुळें. परंतु मूल आडवें आलें म्हणजे हें नातें कामास येत नसे.

विद्वान् वैद्य होते ते क्षेत्रांच्या व दरबारच्या आश्रयानें. न्यायमूर्ति रानडे यांनीं पेशव्यांच्या रोजनिशांवर जें विवेचन लिहिलें, त्यांत वैद्यांस व हकिमांस सरकारांतून मिळणाऱ्या उत्तेजनाचा परामर्श घेतलेला आहे. नाशिक येथील एका गुजराथी वैद्यास गरिबांस फुकट औषध देण्याबद्दल जहागीर होती व ती पुढें मुलाकडे चालविण्यांत आली. वाई येथेंही औषधी वनस्पतींच्या बागेची तजवीज सरकारांतून झालेली होती. या दोन्ही उदाहरणांत कौटिल्याचेंच सूत्र दिसतें : उत्पन्न नेमून द्यावयाचें, आणि त्याच्या मोबदल्यांत धर्मार्थ औषध घ्यावयाचें. मात्र नाशिक व वाई हीं दोन्ही क्षेत्रें कृष्णा-गोदेच्या कांठचीं, ब्राह्मणवस्तीचीं व वाहत्या रस्त्यावरचीं. वाईच्या औषधाचा लाभ वाईस येणारास होई; पाटणच्या वरच्या खोऱ्यांतला धनगर किंवा माण-खटावच्या माळावरचा मेंढपाळ वाईस जाईल तेव्हां.

(४) इंग्रजी अमदानी

इ. स. १८४८ मध्यें साताऱ्याचें राज्य खालसा झालें. पुढें इ. स. १८५२ च्या कायद्यानें इनामांची चौकशी चालली व १८६३ च्या कायद्यानें पुष्कळशा इनामांचा एकदम निकाल लावण्यांत आला. ठराविक जुडी व नजराणा भरला, म्हणजे इनामदाराच्या हक्काची आणखी चौकशी न होतां जमीन वंशपरंपरेची व विकतां येण्याजोगी होई. ज्या जमिनी गांवच्या चाकरीच्या म्हणून नोंदल्या गेल्या त्यांची गोष्ट निराळी. परंतु वैद्याची जमीन जातइनाम म्हणून नोंदली गेली असेल, तर तिचें आणि औषधाचें नातें तेथेंच संपलें. कौटिल्यानें जी विक्रयाची व गहाणाची मनाई घातली होती, ती नेमकी या ठिकाणीं उठली. पुढील पिढीचा मुलगा वकील झाला काय किंवा कारकून झाला काय, जमीन त्याचीच राहिली.

या व्यवस्थेच्या जागीं दुसरी आली ती दवाखान्याची. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा लोकलफंड बसला व त्यांतून रस्ते, शाळा व दवाखाने निघूं लागले; कसब्यांत म्युनिसिपालिट्यांनीं आपला वांटा उचलला. तालुक्याच्या गांवीं दवाखाना, त्यावर सरकारी नोकरीचा डॉक्टर, आणि खेड्यांतील रोग्यानें बैलगाडींतून तेथें यावयाचें, असा क्रम सुरू झाला. हा डॉक्टर शिकलेला असे यांत शंका नाहीं, परंतु तो बदलीचा नोकर असे. खेड्यांत सरकारचा माणूस पोंचे तो देवी काढण्यास, किंवा इ. स. १८९६ सालीं मुंबईंत उद्भवलेला प्लेग पुढें या जिल्ह्यांत पसरला तेव्हां घरें रिकामीं करविण्यास. साथ हटविण्यासाठीं राज्य दाराशीं येत होतें. एकट्या-दुकट्याच्या हिवतापासाठीं किंवा अडलेल्या बाळंतिणीसाठीं तें येत नव्हतें. लस टोंचणाऱ्याकडे लोक संशयानें पाहत, त्याचें एक कारण आम्हांस असें वाटतें, कीं एरवींच्या दुखण्यांत तो त्यांच्या ओळखीचा नव्हता.

याच सुमारास रेल्वे आली. पुणें-मिरज मार्ग कऱ्हाडावरून गेला. स्टेशन गांवापासून कृष्णेच्या पलीकडे कांहीं मैलांवर, तरी लोकांची मोठी सोय झाली. डॉक्टर विल्यम वानलेस हे इ. स. १८८९ मध्यें या देशांत आले व १८९४ मध्यें मिरजेस त्यांचें मिशन-रुग्णालय उघडलें. शस्त्रक्रियेची त्यांची कीर्ति दूरवर पसरली आणि दक्षिण महाराष्ट्रांतील रोगी गाडीनें मिरजेस जाऊं लागले. मिशनच्या कार्याचे हेतु व त्यांवरील वाद हा या लेखाचा विषय नव्हे. एवढेंच नमूद करावयाचें, कीं खेड्यास घरचा वैद्य मिळण्यापूर्वींच दूरचें मोठें रुग्णालय मिळालें. मोतीबिंदु काढण्यास मिरज गांठतां येऊं लागली, परंतु मुलाच्या तापास कोणाकडे जावयाचें हा प्रश्न जसाच्या तसा राहिला.

विसाव्या शतकांत ही उणीव भरून काढण्याचे तीन प्रयत्न झाले. पहिला, कमी मुदतीचें शिक्षण घेतलेल्या परवानाधारक डॉक्टरांचा. इ. स. १९१२ मध्यें मुंबई इलाख्यांत डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला व त्याच वर्षीं मुंबईस कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही परीक्षा घेणारी संस्था निघाली. तिची एल्. सी. पी. एस्. ही पदवी घेतलेले डॉक्टर लहान गांवांत दुकान मांडून बसले, आणि पुष्कळ बाजारगांवांचे पहिले घरचे डॉक्टर तेच होत. दुसरा प्रयत्न वैद्यांच्या नोंदणीचा. इ. स. १९३८ च्या कायद्यानें आयुर्वेदाच्या व युनानीच्या वैद्यांस नोंदणीचा मार्ग मोकळा झाला. साताऱ्यास याच काळांतील आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय आहे. आर्य व आंग्ल या दोन शब्दांच्या संधींतच त्याच्या संस्थापकांचा हेतु सांठवलेला आहे. तिसरा प्रयत्न साहाय्याचा. मद्रास इलाख्यांत इ. स. १९२४ पासून खेड्यांत बसणाऱ्या खाजगी डॉक्टरास सरकारी रक्कम देण्याची योजना चालू झाली, व मुंबईकडेही अशीं साहाय्यित केंद्रें निघालीं. ठराविक रक्कम घ्यावी, गरिबांस औषध द्यावें, आसपासच्या गांवीं फेरी करावी, उरल्या वेळांत स्वतःचा धंदा करावा, असा हा करार. सूक्ष्म दृष्टीनें पाहिलें, तर जुन्या वैद्य-इनामाचेंच हें रोकड रूप होतें. मात्र रक्कम अल्प, आणि मुलाबाळांस बांधून ठेवील अशी जमीन तींत नव्हती.

(५) भोर समितीपासून आजपर्यंत

इ. स. १९४३ मध्यें नेमलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ मध्यें आपला वृत्तांत सादर केला. त्या वेळीं ब्रिटिश हिंदुस्थानांत सुमारें ६,३०० माणसांमागें एक डॉक्टर होता, आणि नोंदलेल्या सुमारें ४७,५०० डॉक्टरांपैकीं जवळजवळ ३०,००० हे परवानाधारक, म्हणजे अल्पमुदतीच्या शिक्षणाचे होते. समितीनें बहुमतानें शिफारस केली ती अशी, कीं यापुढें एकच पदवीधर डॉक्टर असावा. खेड्यास कमी प्रतीचा व शहरास वरच्या प्रतीचा असा भेद असूं नये. तत्त्व न्यायाचें होतें. परंतु कांहीं सभासदांनीं भिन्नमत नोंदविलें होतें, व परवान्याचा मार्ग बंद झाल्यावर लहान गांवाकडे येणारा ओघ आटला, हें नाकारतां येत नाहीं. पुढें छत्तीसगडनें इ. स. २००१ मध्यें तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढून पाहिला व थोड्याच वर्षांत बंद केला, इ. स. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यांत मर्यादित परवान्याची तरतूद पुन्हां आली. म्हणजे वाद मिटलेला नाहीं.

भोर समितीच्या शिफारशींपैकीं प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना इ. स. १९५२ पासून सामूहिक विकास योजनेबरोबर अमलांत आली. महाराष्ट्रांत १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर हीं केंद्रें त्यांच्याकडे आलीं. सपाटीवर ३०,००० व डोंगराळ भागांत २०,००० लोकवस्तीस एक केंद्र, आणि अनुक्रमें ५,००० व ३,००० वस्तीस एक उपकेंद्र, असें प्रमाण आहे. सातारा जिल्ह्याचा पश्चिम भाग सह्याद्रीचा, पावसाळ्यांत ओढ्यानाल्यांनीं तुटणारा. तेथें ३,००० माणसें एका गांवांत नसतात, तीं दहा-पंधरा वाड्यांत विखुरलेलीं असतात. म्हणून आंकड्याचें प्रमाण पुरें झालें तरी चालण्याचें अंतर पुरें होत नाहीं. खाजगी डॉक्टर उंब्रज, मसूर, ढेबेवाडी यांसारख्या बाजाराच्या गांवीं बसतात, आणि तें व्यवसायाच्या दृष्टीनें योग्यच आहे. बाजाराच्या दिवशीं रोगीही येतो व त्याच्या हातांत पैसाही असतो. वाडीवरच्या माणसाचें दुखणें त्यामुळें पुष्कळदां बाजाराच्या दिवसाची वाट पाहत राहतें.

सरकारी महाविद्यालयांतून एम्. बी. बी. एस्. होणारास महाराष्ट्रांत एक वर्ष सेवेचें बंधन आहे. तें मोडल्यास पूर्वीं दहा लक्ष रुपये भरावे लागत. कौटिल्याच्या चिकित्सकास जमीन विकून मोकळें होतां येत नव्हतें. येथें रक्कम भरून मोकळें होतां येत असे. शिवाय जो सेवा करतो, तोही वर्ष संपतांच जातो. नोकरींतील डॉक्टराची बदली होते. एका केंद्रावर गांवांतील मधुमेहाचे, क्षयाचे, नाजुक गर्भिणींचे सारे रोगी ओळखीचे होतात न होतात तोंच डॉक्टर दुसऱ्या तालुक्यांत जातो, आणि सात्म्याचें ज्ञान त्याच्याबरोबर जातें.

उलट, सातत्य टिकलें आहे तें खालच्या पायरीवर. इ. स. २००५ पासून नेमलेल्या आशा या त्याच गांवच्या स्त्रिया असतात. सुईणीच्या ठिकाणीं असलेलें नातें त्यांच्याकडे आलें आहे, आणि अडलेल्या बाईस वेळेवर पुढें नेण्याचें शिक्षणही आहे. इ. स. २०१८ नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमण्यांत आले. त्यांत आयुर्वेदाच्या पदवीधरांचा भरणा मोठा आहे. वैद्य पुन्हां गांवाजवळ आला, परंतु आतां इनामदार म्हणून नव्हे, कराराचा नोकर म्हणून. इ. स. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धांवूं लागली. रेल्वेनें मिरजेसंबंधीं जें केलें, तेंच तिनें कऱ्हाडसंबंधीं केलें. मोठें रुग्णालय आणखी जवळ आलें.

(६) एक परदेशीय उदाहरण व निष्कर्ष

हा प्रश्न आपल्याच देशाचा आहे असेंही नाहीं. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलुखांत व बेटांवर डॉक्टर टिकत नसत. तेथें इ. स. १९१२ मध्यें चौकशी होऊन १९१३ मध्यें निराळी योजना झाली. डॉक्टरास किमान उत्पन्नाची हमी, राहण्यास घर, दूरच्या फेरीचा प्रवासखर्च व रजेच्या वेळीं बदली माणूस इतकें देण्यांत आलें, आणि रोग्याकडून घ्यावयाची फी मर्यादित करण्यांत आली. त्या योजनेंत डॉक्टरावर सक्ति नव्हती; त्याचें तेथें राहणें शक्य करून दिलें होतें. डॉक्टर राहिले.

एकंदर विवेचनावरून पुढील गोष्टी सिद्ध होतात असें आम्हांस वाटतें. पहिली, खेड्यास विद्वान् वैद्य कोणत्याही काळीं आपोआप लाभलेला नाहीं. जेथें लाभला तेथें त्याच्या निर्वाहाची कोणी तरी मुद्दाम व्यवस्था केली होती. दुसरी, नुसता निर्वाह पुरत नाहीं; निर्वाह आणि सेवा यांची गांठ सुटली कीं निर्वाह राहतो व सेवा जाते, हें इनामांच्या उदाहरणावरून दिसतें. तिसरी, नुसतें बंधनही पुरत नाहीं; बंधन मुदतीपुरतें असतें, आणि वैद्याचें खरें ज्ञान मुदत संपण्याच्या सुमारास जमूं लागतें. चौथी, ज्या माणसांजवळ सातत्य आहे त्या आशा व परिचारिका यांस मान कमी व मोबदला अनिश्चित, आणि ज्यांजवळ विद्या आहे त्यांच्याजवळ सातत्य नाहीं, अशी आजची स्थिति आहे. या दोहोंचा योग घडवून आणल्याशिवाय चरकाचे चार पाद खेड्यांत एकत्र येणार नाहींत. त्यासाठीं बदलीचे नियम सैल करून राहूं इच्छिणारास राहूं द्यावें, घराची व मुलांच्या शाळेची सोय करावी, आणि डॉक्टर गेला तरी रोग्याचें टिपण गांवांतच राहावें, एवढें तरी जिल्हा परिषदांस सहज साध्य आहे.

शेवटीं वाचकांस एक विनंति. सातारा व सांगली या जिल्ह्यांत पिढीजात वैद्यांचीं घराणीं अजून आहेत, व जुन्या परवानाधारक डॉक्टरांचे वंशजही आहेत. त्यांच्या माळ्यावर इनामाच्या सनदा, औषधांच्या वह्या, रोग्यांचीं टिपणें, उधारीचे हिशेब असण्याचा संभव आहे. कोणत्या गांवाहून रोगी येत, काय देत, कोणत्या महिन्यांत कोणता ताप येई, याचा पुरावा या वह्यांत मिळेल. दरबारी कागदांत तो मिळणार नाहीं. घर पाडतांना किंवा वांटणी करतांना असे कागद रद्दींत जातात. ते तसे जाऊं न देतां संशोधकांच्या हवालीं करावे. खेड्यांतील सामान्य माणसाच्या आजारपणाचा इतिहास लिहावयाचा तर त्याचीं मुख्य साधनें हींच आहेत.